बशीरनं चुकून वाचलेली काठी

बशीर शिकलगार गेल्याचं मला सकाळी साडेसातला फोनवर कळलं, आणि मी पहिली गोष्ट काय केली असेल तर हसलो. त्याचा मुलगा अस्लम एवढंच म्हणाला होता, "सर, अब्बा गेले." मी विचारलं, "किती दिवसांसाठी?" ... यात माझा दोष नाही हो. बशीर त्याआधी दोनदा वारला होता. पहिल्यांदा गल्लीतल्या क्रिकेट स्पर्धांच्या हंगामात, बॅटी दुरुस्तीला आणणाऱ्यांनी भंडावून सोडलं म्हणून त्यानं शटरवर खडूनं 'मालक वारले, चौकशी करू नये' असं लिहिलं आणि आठ दिवस सासुरवाडीला मटण खाऊन आला. दुसऱ्यांदा एका क्लबाचे दहा कॅरमबोर्ड एका दिवसात गुळगुळीत करायचे होते म्हणून गेला. परतला तेव्हा दुकानासमोर दोन गिऱ्हाईकं हार घेऊन उभी होती, तर हा गडी म्हणाला, "आता आणलायसा तर द्या की," आणि तो हार गळ्यात घालूनच त्यानं दिवसभर काम केलं. तेव्हा मी 'किती दिवसांसाठी' विचारलं यात काय चुकलं? पण अस्लमच्या मागं बशीरच्या बायकोचं रडणं ऐकू आलं... आणि मी हातातलं दुधाचं भांडं घेऊन पायरीवर बसलो तो तसाच बसून राहिलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. तीस वर्षं कॉलेजच्या पोरापोरींना हॉकी शिकवली, म्हणजे शिट्टी फुंकली. बशीरचं दुकान राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या जिन्याखाली. दुकान कसलं, जिन्यानं पोट आत ओढून धरल्यावर जी जागा उरली ती. गिऱ्हाईक आणि मालक यांनी एकाच वेळी श्वास घेतला तर भिंतीला तडा जाईल अशी रुंदी. वर क्लासची पोरं घोकत बसायची आणि खाली हा ऐकत बसायचा, त्यामुळं सातवी नापास बशीरला प्रकाशाच्या परावर्तनाचे नियम तोंडपाठ होते आणि रॅकेटला गट, म्हणजे जाळीची तार, बसवून घ्यायला आलेल्या डॉक्टर-वकिलांना तो ते ऐकवायचा. पण त्याची खरी विद्या वेगळी होती. बशीर हॉकीची काठी वाचायचा.

वाचायचा म्हणजे अक्षरशः. स्टिक दुरुस्तीला आली की तो तिचा मुठीकडचा अर्धा भाग एका फडक्यात गुंडाळून टाकायचा, कारण तिथं खेळाडूचं नाव लिहिलेलं असतं, रंगीत टेप असते, कुणी देवाचा दोरा बांधलेला असतो. "नाव दिसलं की हात खोटं बोलतो, मास्तर," असं म्हणायचा. मग उघड्या राहिलेल्या वाकड्या टोकावरून तो डोळे मिटून अंगठा फिरवायचा. कुठं टवका उडालाय, कुठं कड झिजलीय, खालची टाच घासलीय की वरचं नाक. आणि मग सांगायचा की हा कंबरेत वाकत नाही, हा चेंडू आल्यावर बघतो, याला उलट्या बाजूनं मारायची घाई आहे, ही भांडकुदळ आहे पण पाय चांगले आहेत. एकदा एका मारामारीतली काठी हवालदारानं सहज दाखवली, तर बशीरनं अंगठा फिरवून सांगितलं की मारणारा डाव्या बाजूचा बचावपटू, उजवा गुडघा दुखरा, आणि हल्लीच लग्न झालंय. हवालदारानं त्या वर्णनावर माणूस पकडला. यातलं अर्धं मी वाढवून सांगतोय, पण कुठलं अर्धं ते आता माझं मलाही आठवत नाही.

आता कबुलीजबाब. निवृत्तीनंतर मुलींच्या लीगमधल्या एका संघानं मला कोल्हापूर-सांगली भागातल्या खेळाडू हेरायला सांगितलं. कॉलेजच्या पोरींतली कोण पुढं व्यावसायिक हॉकीत टिकेल, एवढं बघून कळवायचं. माझं स्वतःचं बघणं म्हणाल तर मी वेगावर भाळणारा माणूस. जी वाऱ्यासारखी धावते ती मला जगज्जेती वाटते. अशा चार जगज्जेत्या मी तीस वर्षांत शोधल्या आणि चारही दुसऱ्या वर्षी दमून घरी बसल्या. म्हणून मी काय करायचो, 'लीगवाल्यांना वजन तपासायचंय' अशी थाप मारून पोरींच्या स्टिका गोळा करायचो, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधायचो आणि गठ्ठा बशीरपुढं टाकायचो. बशीर सांगायचा ते मी रंगवून संघाच्या मॅनेजरबाईंना लिहून पाठवायचो. सलग तीन पोरी अशा निघाल्या की बाई मला फोनवर 'सर, तुमची नजर म्हणजे...' असं म्हणायच्या आणि मी नम्रपणे खोकायचो. बशीरचं नाव मी कधी घेतलं नाही. त्यानंही कधी विचारलं नाही, हे आणखी वाईट.

तर गेल्या वर्षीच्या गठ्ठ्यात अनुजा मगदूमची काठी होती. अनुजा हातकणंगल्याच्या अलीकडच्या एका गावची, घरी चार म्हशी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. हॉकी तिनं हातात घेतली तीच बारावीनंतर. ज्या वयात बाकीच्या पोरी राज्याकडून खेळून आलेल्या असतात त्या वयात हिला स्टिक कुठल्या बाजूनं धरायची ते कळलं. मैदानावर मी तिला पाहिली होती आणि विसरलोही होतो. ना वेग, ना ताकद. पण बशीरनं तिच्या काठीवर अंगठा फिरवला आणि दोनदा फिरवला. दोनदा तो कधी फिरवत नसे. म्हणाला, "मास्तर, ही कुणाची हाय? सगळी झीज एका जाग्याला. घाबरून एक फटका मारलेला न्हाय हिनं. चेंडू यायच्या आधी हिला म्हाईत असतंय कुठं द्यायचा त्यो." चिठ्ठी बघितली. अ. मगदूम.

मी बाईंना जे पत्र लिहिलं ते वाचून ऑलिंपिकवाल्यांनी स्वतःहून गाडी पाठवली असती. पण निवडीच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि अनुजाचं नाव पुकारलं जाईना. पहिली फेरी गेली, पाचवी गेली. बाजार उठताना टोपलीच्या तळाला एक वांगं राहावं तशी ती राहिली, आणि अगदी शेवटच्या फेरीत, शेवटच्या नावाला, बाईंनी माझ्या शब्दाखातर तिला उचललं. गावात हलगी वाजली. तिच्या वडिलांनी म्हशींच्या शिंगांनासुद्धा गुलाल लावला. माझाही फेटा बांधून सत्कार झाला, आणि 'जोहरी' हा शब्द भाषणात सात वेळा आला. मी मोजला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, सराव शिबिराला जायच्या आधी, अनुजा स्वतः बशीरकडं मुठीला नवी टेप लावून घ्यायला गेली. मी तिथंच स्टुलावर चहा पीत होतो. बशीर आनंदात. टेप गुंडाळता गुंडाळता त्यानं विचारलं, "किती वर्सं झाली गं ह्या काठीला?" आमच्याकडच्या पोरी 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात, तशी ती म्हणाली, "दोन महिनं झालं असतील, चाचा. आमच्या एक सिनियर ताई हुत्या, त्या पोलिसात भरती झाल्या, जाताना देऊन गेल्या. त्याच्याआधी मी जुन्या लाकडी काठीवरच खेळत हुतो."

बशीरचा हात थांबला. टेपचं रीळ त्याच्या मांडीवरून घरंगळत फुटपाथवर गेलं, ते कुणी उचललं नाही.

आमच्या मैदानांवर काठ्या अशाच फिरतात, मोठीकडून धाकटीकडं. हे जगात कुणाला ठाऊक असेल तर बशीरला. आणि त्या मुठीवर, जुन्या टेपच्या कडेला, त्या ताईचं नाव मार्करनं चांगलं ठळक लिहिलेलं होतं. फडकं नसतं तर त्यानं पहिल्या झटक्यात वाचलं असतं. नावानं फसू नये म्हणून चाळीस वर्षं जे फडकं गुंडाळलं त्यानंच त्याला फसवलं. आणि चिठ्ठी बांधणारा मी.

अनुजा गेल्यावर मी आधी दुकानाबाहेर कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग बशीरला समजावलं की झालं ते झालं, पोरीची निवड झालीय, आता गप्प बसायचं. त्यानं ऐकलं नाही. मी म्हटलं, तिला कळलं तर तिचा धीर सुटेल, बाईंना कळलं तर तिची जागा जाईल, आणि... माझी काय शोभा होईल ते मी बोललो नाही, पण बशीरला माझ्या तोंडावर ते वाचता आलं असणार. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, ती तितं दुसरीच कुणीतरी हाय असं समजून जाणार. पयल्या दिवशी तिला जमणार न्हाय. मग ती म्हणणार, माझं कायतरी बिघडलं. तिचं कायबी बिघडल्यालं न्हाय. माझं बिघडलंय." मग पुढं म्हणाला, "आन् ती ताई... तिला कुणी वाचलंच न्हाय की. गेली पोलिसात."

दुसऱ्या दिवशी त्यानं अनुजाला बोलावलं आणि सांगून टाकलं. मी रस्त्यावरच्या रिक्षांकडं बघत उभा. कान मात्र आत. म्हणाला, "पोरी, मी तुझी काठी वाचली न्हाय. दुसरीची वाचली. चूक माझी."

 तिच्या हातात कॉलेजची वही होती, तिचा कोपरा ती दुमडत राहिली. रडेल असं मला वाटलं. पण तिनं विचारलं, "मग मी कशी हाय, चाचा?"

"म्हाईत न्हाय," बशीर म्हणाला. "तुझी ती लाकडाची कुठं हाय?"

ती ओशाळून म्हणाली, घरी हाय, वडील ती म्हशीला वापरतात.

आणि अशा रीतीनं, वाचकहो, कोल्हापूरच्या क्रीडा इतिहासात प्रथमच दोन म्हातारे एका स्कूटरवरून हॉकीची काठी वाचायला म्हशीच्या गोठ्यात गेले. बशीर मागं बसून सबंध रस्ताभर मला परावर्तनाचे नियम सांगत होता, कारण माझ्या स्कूटरला आरसा नव्हता. अनुजाचे वडील म्हणजे दार भरेल एवढा माणूस. त्यांनी 'या पावणं' म्हणून आत घेतलं ते थेट ताटावरच बसवलं, आणि आम्ही कशाला आलोय ते सांगायला तोंड उघडलं की त्यात भाकरी यायची. शेवटी हात धुताना बशीरनं विषय काढला. मगदूम अण्णांनी एक आरोळी दिली, गोठ्यातून काठी आली. तिला शेण लागलेलं, टोक फुटलेलं, मधे तारेनं आवळलेली. अण्णा म्हणाले, "काठी लय गुणाची हाय बगा. थोरली म्हस नुसती बघूनच चालाय लागती."

बशीरनं ती हौदावर धुतली. यावेळी फडकं गुंडाळलं नाही. अंगणात, उन्हात, पोत्यावर बसून त्यानं ती मांडीवर आडवी घेतली आणि डोळे उघडे ठेवून वाचायला लागला. अख्खं घर भोवती. अण्णा, त्यांची मंडळी, शेजारची दोन माणसं, आणि दाव्याला बांधलेली थोरली म्हैस, जी काठी बघून अस्वस्थ झाली होती. बशीर एकेक खूण बोटानं दाखवायचा. ही म्हशीची. ही तुमची, अण्णा, ही दारात अडकवल्याली. ही तारेची. असं करत करत त्यानं सगळ्या घराचा हिशेब बाजूला काढला आणि जे उरलं त्यावर अंगठा ठेवला. उरलं ते थोडंच होतं. बारीक बारीक टवके, पण सगळीकडं. नाकावर, टाचेवर, दोन्ही कडांवर, जिथं कुणी चेंडू मारत नाही तिथंसुद्धा.

 असली काठी मी हजारदा बघितलीय, शिकाऊ पोरीची काठी. बशीरनं फार वेळ लावला. अनुजा उंबऱ्यावर उभी होती, तिनं दाराची कडी धरून ठेवली होती.

"तयार न्हाय तू," तो म्हणाला. "खोटं न्हाय सांगत. त्या ताईसारखी न्हायसच. पण हे बघ. हितं चुकलीयास, हितं चुकलीयास, हिकडं तर लयच चुकलीयास. सगळ्या चुका करून झाल्यात तुझ्या. पण एक खूण खोल न्हाय. एकबी. लोकं एकच चूक धा वर्सं करत्यात, काठीला खड्डा पडंस्तवर. तू चूक केलीस आन् जागा सोडलीस." मग माझ्याकडं वळून, "मास्तर, असली मी चाळीस वर्सात वाचली न्हाय. तयार माणूस वळखाय काय लागतंय? कोणबी वळखंल. शिकणारं माणूस वळखाय येत नव्हतं मला. आज आलं."

अण्णांना यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे आता ही काठी म्हशीला मारायची न्हाय?"

परतीच्या वाटेवर बशीरनं मला स्कूटर कडेला घ्यायला लावली आणि तिथंच बाईंना फोन करायला लावला. मी म्हटलं घरी गेल्यावर करतो. तो म्हणाला, घरी गेल्यावर तू गोष्ट सुधारशील. बरोबर ओळखलं होतं. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, धूळ उडत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एखादी हकीकत न वाढवता सांगितली. काठी दुसरीची होती. पोर तयार नाही. पण शिकते, आणि भलती झपाट्यानं शिकते. लगेच खेळवू नका, दोन हंगाम जवळ ठेवा, रोज नवं काहीतरी शिकवा आणि बघा. आणि हे वाचणारा मी नव्हे, बशीर शिकलगार. आधीच्या तिघीही त्याच्याच.  मग बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही आजवर पाठवलेल्या प्रत्येक मुलीबद्दल ती उद्या जग जिंकेल असं लिहिलंत. तयार नाही असं पहिल्यांदाच सांगताय. म्हणून ठेवते तिला. राखीव म्हणून." आणि मग, "त्या बशीरचाचांना फोन द्या बघू." बशीरनं फोन घेतला, तो उलटा धरला, आणि "जी म्याडम, जी म्याडम" असं माझ्या स्कूटरच्या सीटला सांगत राहिला.

अनुजा शिबिराला गेली ती नव्या कोऱ्या काठीसह. ती बशीरनं दिली. मूठ त्यानं स्वतः बांधली आणि तिला एकच अट घातली, की ही कुणाला द्यायची नाही आणि कुणाची घ्यायची नाही, हंगाम संपला की सरळ दुकानात आणायची. पहिल्या हंगामात ती बाकावर बसली. बसली म्हणजे इतकी बसली की बाकाला तिची सवय झाली. आम्ही दोघं जिन्याखाली मोबाईल पाटावर टेकवून प्रत्येक सामना बघायचो, आणि सामना कसला, कॅमेरा कडेला फिरला की अनुजा दिसते का ते बघायचो. एकदा शेवटची अकरा मिनिटं ती आत गेली. पहिल्या मिनिटाला चेंडू तिच्या काठीखालून गेला. बशीर म्हणाला, "बरं झालं. आता हे पुन्यांदा जायचं न्हाय." आणि खरोखर गेलं नाही, उरलेल्या दहा मिनिटांत चार वेळा चेंडू तसाच आला आणि चारही वेळा तिनं अडवला. पाच वेळा म्हणणार होतो, पण चारच. बशीरच्या गोष्टीत आता मला वाढवायला होत नाही.

तो गेला तेव्हा हंगाम संपून चार दिवस झाले होते. अनुजा पोचायच्या आत दफन उरकलं होतं आणि दुकानालाही कुलूप लागलं होतं.

मागच्या रविवारी अस्लमनं मला दुकानातलं सामान बघायला बोलावलं, काय ठेवायचं काय काढायचं म्हणून. आम्ही दोघं आत मावत नव्हतो, म्हणून तो फुटपाथवर आणि मी आत. वर क्लास चालू होता. दहाच्या सुमाराला अनुजा आली, खांद्याला पिशवी, पिशवीत ती काठी. ती अस्लमसमोर हात जोडून उभी राहिली. मग आत येऊन तिनं काठी माझ्यापुढं पाटावर ठेवली.

"सर, चाचांनी हंगाम संपल्यावर आणाय सांगितलं हुतं. तुम्ही बघा."

मी काठीवर हात ठेवला. दोन मिनिटं अंगठा फिरवला असता, डोळे मिटले असते, तरी तिनं विश्वास ठेवला असता. असलं मी आयुष्यभर केलंय आणि चांगलं केलंय. दोन-चार वाक्यं जिभेवर तयारही होती. पण मी म्हटलं, "अनुजा, मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं."

 मग काठी उचलून तिनं स्वतःच्या मांडीवर आडवी घेतली, आणि बोट ठेवून, हळूहळू, नव्यानं अक्षरं लावणाऱ्या माणसासारखी वाचायला लागली. "हे पहिल्या आठवड्यातलं. सगळी मला बघत्यात असं वाटायचं तवा... हे उलट्या हातानं मारायला शिकलो त्या दिवसाचं. हितं मी घाबरलो हुतो." बोट पुढं सरकलं, काठीच्या नाकापाशी थांबलं. तिथं एक जागा दुसऱ्या सगळ्या जागांपेक्षा जराशी जास्त झिजली होती. नखाएवढी. तिनं परत परत तिथं अंगठा फिरवला आणि कपाळाला आठी घातली.

"हे काय हाय ते कळंना, सर. चूक न्हाय ही. मी हितं सारखं सारखं येतो, पण चूक म्हणून न्हाय."

वर क्लासमधली पोरं काहीतरी एका सुरात म्हणत होती. अस्लम दारात वाकून बघत होता. त्या ताईच्या काठीची झीजही एकाच जागी होती, एवढंच मला आठवलं.

"पुढच्या हंगामात कळंल," ती म्हणाली. तिनं काठी पिशवीत घातली, तिची हातकणंगल्याची गाडी होती. ती गेल्यावर मी अस्लमला सांगितलं की सामान राहू दे, आपण जिन्याखालची जागा एवढ्यात सोडायला नको. तो हो म्हणाला. मग आम्ही पाट पुसून ठेवला.